सालोंगोनं रडायचं नसतं

४ ऑक्टोबर, बुधवार

ताई आज सकाळच्या टॅक्सीनं कासांडाला परत गेली. जाताना दारात उभं राहून सगळं पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, मी बहिरा असल्यासारखं.

"हे बघ काड्डू, जुळं मूल मरत नसतं. उडून जातं. त्याच्यासाठी रडायचं नाही, ऊर बडवायचा नाही. बाप रडला की गेलेलं जुळं मागं वळून बघतं. आणि मग ते एकटं जात नाही, दुसऱ्याला बोटाला धरून घेऊन जातं. कळलं?"

कळलं म्हटलं.

"शपथ घे."

घेतली. जुळ्यांचा बाप झाल्यापासून मला काड्डू म्हणणारी ताई एकटीच उरलीय. बाकी सगळं मित्याना गाव मला सालोंगो म्हणतं. जुळ्यांच्या बापाचं मानाचं नाव, एक जुळं गेलं तरी सुटत नाही. "सालोंगो, दोन अंडी घाल!" "सालोंगो, मिरची जास्त!" दिवसभर तेच. बाबिर्येला जाऊन महिना झाला आणि दिवसभर लोक मला तिचा बाप म्हणून हाका मारतात. मी म्हणतो, आलो आलो.

कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून ही वही. शाळा सुरू होताना दोघींसाठी एकसारख्या वह्या आणल्या होत्या. जुळ्यांना सगळं सारखंच द्यावं लागतं. ही कोरी राहिली.

मागं राहिलेली नाकातो जेवत नाही. सात वर्षांची पोर, चार घास खाते आणि ताट सरकवते. बोलते तेही विचारलं तर. ताईनं बजावलंय, महिनाअखेर सुधारली नाही तर ती नाकातोला कासांडाला घेऊन जाणार. कायमची. मूल कुळाचं असतं आणि आत्याचा शब्द मोडायची माझी छाती नाही. शिवाय ताईचं चुकतं कुठं? बायको दुबईत, बाप रस्त्यावर चपात्या लाटतो. पण नाकातो गेली तर संध्याकाळी मी कुणासाठी घरी येऊ?

६ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरवलंय. पोरीला एक क्षण नजरेआड करायचं नाही. शाळेत सोडायला मी, आणायला मी. दुपारनंतर ती गाड्याशेजारी पालथ्या क्रेटवर बसते आणि मी लाटता लाटता तिच्याकडे लक्ष ठेवतो. "पोट दुखतं का गं? कुणी काही बोललं का? काय खाशील? कच्च्या केळ्यांचे मटोके करू? शेंगदाण्याचं कालवण करू?" ती म्हणते, काही नाही. आज ह्या नादात एका गिऱ्हाइकाच्या रोलेक्समध्ये, म्हणजे चपातीत गुंडाळायच्या ऑम्लेटमध्ये, मी अंडंच घालायला विसरलो. त्यानं नुसती चपाती उघडून माझ्यासमोर धरली.

किझितो समोरच आपली भाड्याची मोटरसायकल, बोडाबोडा, लावून बसलेला असतो, दिवसभर दुसरा धंदा नाही. म्हणाला, "सालोंगो, पोरीकडे बघतोयस की चोरावर पाळत ठेवतोयस?"

"तुला पोरं नाहीत, तू गप्प बस."

"नाहीत म्हणूनच मला दिसतं," तो म्हणाला. मूर्ख.

एक मात्र आहे. नाकातोही माझ्याकडे बघत असते. टक लावून, अगदी तोंडाकडे. मी लगेच हसतो, तिला धीर यावा म्हणून. मी हसलो की ती मान फिरवते. आणखी हसतमुख राहायला हवं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

हे आजच लिहून ठेवतो.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून घरात डोकावलो, तर नाकातो चटईवर सरळ उताणी. डोक्यापर्यंत चादर ओढलेली. पाय जुळवलेले. बाबिर्येला असंच ठेवलं होतं. धावत जाऊन चादर ओढली. डोळे मिटलेले, पण पापण्या थरथरत होत्या. मग एक डोळा किलकिला झाला, माझ्याकडे बघितलं, आणि परत मिटला.

मी ओरडलो. "ऊठ! हा कसला खेळ? ऊठ म्हणतो ना!" शेजारची म्हातारी बाहेर आली एवढा ओरडलो.

ती उठून बसली. माझं तोंड नीट निरखून बघितलं. मग म्हणाली, "काही नाही. मी झोपले होते."

ताईला फोन लावला. ती म्हणाली, "हेच ते. बाबिर्ये बोलावतेय तिला. खरं सांग, रडलास का?"

"नाही गं ताई."

"चोरूनसुद्धा?"

"चोरूनसुद्धा नाही." आणि हे खरं आहे. घशापर्यंत येतं, गिळतो. पीठ मळताना येतं, दूधवाल्याची घंटा ऐकली की येतं, कारण ती घंटा ऐकून दोघी धावायच्या. मी गिळतो. रडणं गिळून पोट भरलं असतं तर मी आज गावातला सगळ्यात जाडा माणूस असतो.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुबईहून रेस्टीचा फोन आला. मालकीण बाजारात गेली की ती स्वयंपाकघरातून फोन करते, चेहरा दिसतो तसा. पोर गेली तेव्हा तिला येऊ दिलं नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. तिनं लेकीचं तोंडही बघितलं नाही, आणि आज नाकातो दिसताच तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं. मी फोन पटकन माझ्याकडे फिरवला.

"रेस्टी, तिच्यासमोर नाही. रडायचं असेल तर आधी फोन ठेव."

"मी आई आहे रे त्यांची."

"म्हणूनच म्हणतो."

तिनं फोन ठेवला. मी बायकोला असं बोललो ह्याची मला लाज वाटते. पण दुधानं पोळलेला माणूस आहे मी, ताकही फुंकून पिणार.

नाकातोनं विचारलं, "आई का गेली?"

"मालकीण आली."

"तिचं नाक लाल झालं होतं."

"सर्दी झालीय तिला."

"दुबईत तर गरम असतं."

"गरमातपण होते सर्दी."

"बाबा, तुला का नाही होत कधी?"

"मी धडधाकट आहे," मी म्हटलं आणि दंड फुगवून दाखवला. ती उठून मागच्या अंगणात गेली.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज काहीतरी बरं घडलं आणि लगेच बिघडलं.

चर्चहून आल्यावर मी उद्यासाठी कांदे चिरायला बसलो. ह्या वेळचे छोटे लाल कांदे जहाल आहेत. डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाकातो दारात उभी होती. बघितलं आणि धावत आली. धावत! कित्येक दिवसांत ती धावलेली मी बघितली नव्हती. माझ्या पुढ्यात गुडघ्यावर बसली, माझ्या गालाला बोट लावलं, ते ओलं बोट बघत राहिली. तिचा चेहरा असा उजळला, असा उजळला की मी चिरणं विसरलो.

"बाबा?" ती म्हणाली.

मी घाबरलो. तिला वाटलं असेल मी रडतोय, आणि शपथ आठवली. घाईघाईनं म्हटलं, "कांदा गं! हा बघ, कांदा! बाबा कशाला रडेल?"

तिनं बोट फ्रॉकला पुसलं. संध्याकाळी एक घास खाल्ला नाही. कशानं बिघडलं कोण जाणे. चर्चमध्ये फार वेळ ऊन लागलं असेल.

१८ ऑक्टोबर, बुधवार

नाकातोला धंद्यात गोडी वाटायला लागलीय! शाळेतून आली की स्वतःहून टोपलीतून कांदे काढते, माझ्यापुढे आणून ठेवते, आणि समोर बसते. मी चिरतो, ती बघते. मी म्हटलं, कोबी आण, टोमॅटो आण. नाही, कांदेच. आज इतके चिरून घेतले की अर्धे वाया जाणार. वाया जाऊ देत.

किझितो म्हणाला, "सालोंगो, तू आता रोलेक्स विकतोस की कांदे?"

"माझी पोर शिकतेय," मी म्हटलं.

"ती कांद्याकडे बघतच नाही रे. तुझ्या थोबाडाकडे बघते."

म्हटलं, बापाकडे नाही बघणार तर तुझ्याकडे बघेल होय? पण मनातून मी खूश होतो. ताईला फोन करून सांगितलं की सुधारतेय. ताई म्हणाली, जेवते का? मी विषय बदलला.

२१ ऑक्टोबर, शनिवार

फणसाच्या झाडावरून पडली. पडली म्हणजे काय, मी मागच्या दारी भांडी घासत होतो, तिनं वरून हाक मारली, "बाबा, बघ!" मी वर बघितलं आणि तिनं हात सोडले. खालच्याच फांदीवर होती म्हणून निभावलं. गुडघा फुटला.

माझा जीव गळ्याशी आला होता, पण मी शांत राहिलो. ह्याचा मला अभिमान आहे. चेहऱ्यावर रेघ हलू दिली नाही. पाणी आणलं, गुडघा धुतला.

"रक्त आलंय," ती म्हणाली.

"हो. थांबेल."

"खूप आलंय, बाबा."

"नाही गं, थोडंसंच आहे."

"नीट बघ ना!" ती जवळजवळ ओरडली. मी नीट बघितलं, फडकं बांधलं, म्हटलं, शूर माझी पोर, बघ, बाबा पण घाबरला नाही. ती रडली नाही. केवढी धीट आहे. पण तिनं हात का सोडले? मी तिच्याकडे बघत होतो, तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हात सोडले. हे ताईला सांगितलं नाही. सांगितलं तर उद्याच येईल न्यायला.

रात्रभर तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून झोपलो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

बोसा आजोबा गेले. आमच्या रांगेच्या टोकाला राहायचे. माझं गिऱ्हाईक. दात नव्हते, तेव्हा त्यांच्यासाठी चपाती दुधात भिजवून द्यावी लागे आणि तरीही म्हणायचे, "कडक केलीस, सालोंगो, मला मारायचा विचार आहे का?" नव्वदीचे होते. झोपेत गेले. असं मरण मिळावं. उद्या-परवा माती.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आजचं लिहायलाच हवं.

आजोबांच्या केळीच्या बागेत सगळा मोहल्ला जमला होता. त्यांच्या चार मुली, नाती, सुना, सगळ्या मोकळेपणानं ओरडून रडत होत्या. झाडाच्या सालीच्या तांबड्या कापडात गुंडाळलेला एवढासा म्हातारा. धाकट्या मुलीनं "बाबा! आम्हाला टाकून कुठं चाललात!" म्हणून हंबरडा फोडला, आणि माझं काय झालं मला कळलं नाही. मी रडायला लागलो. साधंसुधं नाही. गुडघ्यावर बसलो, कपाळ जमिनीला लावलं, नाकातोंडातून पाणी. दोन माणसांनी मला धरलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, किती जीव होता ह्याचा म्हाताऱ्यावर!" आजोबांचा मुलगा माझ्या गळ्यात पडला. त्याला काय सांगू की मी तुझ्या बापासाठी रडत नाहीये?

आणि खरं सांगू? रडता रडता मनात आलं, ही चांगली युक्ती झाली. मयत दुसऱ्याचं, अश्रू कुणाचे हे कोण विचारतो? बाबिर्येलाही कळणार नाही. शपथ मोडली नाही आणि छातीवरचा धोंडा उतरला. आज दोन महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला. वाटेत भाजलेला मका घेतला, दोन घेतले, एक नाकातोला.

ती बायकांमध्ये बसली होती, मला वाटलं तिला काही दिसलं नसेल. मका तिनं घेतला नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

नाकातो माझ्याशी बोलत नाही. आधी विचारलं तर बोलायची, आता तेही नाही. हात धरू देत नाही. चर्चला जाताना माझ्या चार पावलं मागून चालली, अनोळखी माणसामागून चालावं तशी. काही खाल्लं नाही, दूधसुद्धा नाही. कांद्यांची टोपली मीच पुढे नेऊन ठेवली, म्हटलं, ये, बस. तिनं टोपलीकडे बघितलंही नाही.

काल मी एवढा हलका झालो आणि पोर अशी. हा योगायोग नाही. बाबिर्येला कळलंच असणार. दुसऱ्याच्या मयताआड लपून रडलो तरी तिनं ओळखलं. बापाचा आवाज लेक ओळखणार नाही का? मीच बोलावून घेतलं तिला. मीच.

१ नोव्हेंबर, बुधवार

मीच ताईला बोलावलं. आज आली. नाकातोनं गुडघे टेकून आत्याला नमस्कार केला आणि ताईनं तिचा हात हातात घेऊन मनगट चाचपलं. माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिला सगळं सांगितलं. चादर, झाड, आजोबांची माती. मातीचं सांगताना तिनं डोळे मिटून घेतले.

"गाढवा," ती म्हणाली. "तुला एक गोष्ट सांगितली होती. एक."

"आता काय करायचं?"

"आता काय. शनिवारी घेऊन जाते. तिकडे आपल्या घरी जे करायचं ते करू. इथं तुझ्या सावलीत ठेवायची नाही."

मी म्हटलं, नाकातोला विचारूया. ताई हसली. "सात वर्षांच्या पोरीला विचारतोस?" तरी मी विचारलं. मला वाटलं ती रडेल, माझ्या पायाला मिठी मारेल, मग मी ताईला म्हणेन, बघ, कशी पाठवू?

नाकातो म्हणाली, "मी जाते आत्याबरोबर."

एवढंच. आणि तिनं स्वतः जाऊन शाळेचं दप्तर रिकामं केलं आणि कपडे भरायला घेतले.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

रेस्टीला कळवलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे एक तरी राहील म्हणून मी इथं भांडी घासतेय."

दिवसभर धड एक चपाती गोल लाटता आली नाही. किझितोनं सगळ्या वाकड्या चपात्या विकत घेतल्या, एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मी काय कमी केलं? नेलं, आणलं, भरवलं, धुतलं, नजरेआड केलं नाही. एवढं तर आयासुद्धा करत नाहीत. आणि ती मला सोडून जायला स्वतः दप्तर भरते. मला तिचा राग आला आज. लिहितो, कारण खरं आहे. रागही आला आणि तिच्या दप्तरातले कपडे परत काढून ठेवावेसेही वाटले. पण इथं राहून तीही गेली तर? त्यापेक्षा कासांडात जिवंत राहू दे. जाऊ दे तिला.

५ नोव्हेंबर, रविवार

काल काय झालं ते जमेल तसं लिहितो.

सकाळी टॅक्सी स्टँडवर गेलो. नेहमीची गर्दी, "मुबेंडे-मुबेंडे-कासांडा!" म्हणून ओरडणारी पोरं, खिडकीखिडकीतून भाजलेली केळी घुसवणाऱ्या बायका. नाकातोला रविवारचा पिवळा फ्रॉक घातला होता. ताईनं खिडकीजवळची जागा धरून तिला बसवलं. गाडी भरायला अजून दोन माणसं हवी होती. मी उघड्या दाराशी उकिडवा बसलो, म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर येईल.

"नाकातो," मी म्हटलं, "तुला खरंच माझ्यापाशी राहायचं नाही?"

"नाही."

"का गं? मी काय केलं?"

ती खाली बघत राहिली. ताई म्हणाली, "आता कशाला उकरतोस?" तेवढ्यात नाकातो बोलली, हळू, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"तू बोसा आजोबांसाठी रडलास."

मी दाराची कड धरली.

"मोठ्यांदा रडलास. नाकातून पण आलं तुझ्या. ते आपले कोणीच नव्हते." मग तिनं वर बघितलं. "बाबिर्येसाठी तू रडलाच नाहीस. तुला चाललं ती गेली तर. मी गेले तरी चालेल."

ताईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "शू! तिचं नाव असं घ्यायचं नाही! काड्डू, दार लाव, दार लाव!"

रडलो तर पोर जाते, नाही रडलो तर पोर जाते. ताई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, तिच्या ओठांवर शपथ, शपथ. मला भीती वाटली, देवाशपथ सांगतो, आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती. मी काही ठरवलं नाही. तोंड उघडलं ते दार लावतो म्हणायला. आणि तोंडातून बाबिर्ये निघाली.

"बाबिर्ये! माझे बाई! माझी पोर गेली गं, माझी पोर गेली!"

भर स्टँडवर, सकाळच्या उन्हात, टॅक्सीच्या पायरीवर डोकं टेकून मी ओरडलो. मग थांबता येईना. तापात ती पाणी मागत होती ते सांगितलं, आणि मी म्हटलं होतं, आधी गोळी गिळ मग देतो, ते सांगितलं. कुणाला सांगत होतो कोण जाणे. केबिनमधून ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं, पाकीट मारलं का ह्याचं?" केळीवाली त्याच्यावर खेकसली, "मेल्या, कान फुटले का तुझे? लेक गेलीय त्याची!" आणि तिनं तिथंच टोपली खाली ठेवली. ताई माझ्या तोंडावर हात दाबत होती. मी तो ढकलला. ताईचा हात मी जन्मात कधी ढकलला नव्हता.

नाकातो खाली उतरली. माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही हातांनी माझे कान धरले आणि तोंड वर केलं. बघत राहिली, डोळे, नाक, सगळं. मी हसलो नाही, मला हसता आलं नसतं. मग तिचा खालचा ओठ हलायला लागला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी पोर रडली. असा टाहो फोडला की सगळा स्टँड वळून बघायला लागला. मी तिला उचलून घेतलं. तिची नखं माझ्या मानेत रुतली, अजून वळ आहेत.

गाडी भरली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ताई म्हणाली, "केलंस ना? आता तिला काही झालं तर माझ्या दारात येऊ नकोस." नाकातोला माझ्या कडेवरून घ्यायला मात्र तिनं हात पुढे केला नाही. गाडी निघाली तेव्हा ती खिडकीतून मागं बघत होती, अंगातल्या गोमेसी झग्याचं टोक तोंडात कोंबलेलं, खांदे हलत होते. तिला गाडी लागते.

घरी आलो ते चालत. दप्तर मी घेतलं. वाटेत दोघंही मधूनमधून रडत होतो, एक थांबला की दुसरा. लोक म्हणत, सालोंगो, काय झालं? मी म्हटलं, माझी बाबिर्ये गेली. दोन महिने उलटल्यावर सांगत सुटलो होतो. दुपारी रेस्टीचा फोन आला, नाकातोनंच घेतला आणि म्हणाली, "आई, बाबा रडला. खूप रडला. तू पण रडलीस तरी चालेल." पुढचं मी ऐकलं नाही. बाहेर जाऊन उभा राहिलो आणि त्यांना दोघींना बोलू दिलं.

भीती गेलेली नाही. दिवसभरात किती वेळा तिच्या कपाळाला हात लावला. शेवटी ती वैतागली.

"काय बघतोस सारखं?"

"ताप आहे का बघतो."

"नाही आहे." मग जरा थांबून, "बाबा, मी गेले असते आणि बाबिर्ये राहिली असती, तर माझ्यासाठी रडला असतास?"

"हो."

"खोटं. आत्यानं रडू नको सांगितलं असतं."

"तरी रडलो असतो."

"मग बाबिर्येसाठी का नाही रडलास?"

सात वर्षांच्या पोरीनं मला कोपऱ्यात गाठलं. मी खरं ते सांगितलं. "घाबरलो गं. मी रडलो तर तू पण जाशील, असं वाटलं."

ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी एखाद्या येड्याकडे बघावं तशी.

"मी कशी जाईन?" ती म्हणाली. "तू एकटाच राहशील ना मग."

मी जेवत होतो. मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण. तिचं ताट वाढून बाजूला ठेवलं होतं, त्याकडे तिनं बघितलंही नाही. माझ्या मांडीला टेकून बसली आणि माझ्याच ताटातलं खायला लागली.